तेवीस किलोंची अट

दि. २ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि मागच्या तीन निरोपांना उत्तर दिलं नाहीस म्हणून पाठीत एक धपाटा. वि. वि.

फोन असताना ताईला पत्राची हुक्की का आली, असं म्हणशील. अरे, बाबांच्या घरात तोंडी बोलण्याला किंमत नाही, विसरलास का? छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते ते. फोनवर तू हो हो म्हणतोस, त्यांना अर्धं ऐकू येत नाही, उरलेलं अर्धं ऐकायचं नसतं आणि मी मध्ये उभी राहून घसा फोडते. म्हणून जे ठरायचं ते कागदावर ठरू दे. तू ई-मेल कर, मी छापून त्यांच्या पुढ्यात ठेवेन.

तर बातमी अशी की त्या दंतवैद्यक महाविद्यालयाचं पत्र पुन्हा आलं. त्यांच्याकडे कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवायची कार्यशाळा आहे, तिची प्रमुख म्हणून बोलावलंय मला. हाताखाली सहाजण, शिकायला वीस पोरंपोरी, राहायला दोन खोल्या. तीन वर्षांपूर्वी हेच पत्र आलं तेव्हा बाबा न्हाणीघरात पडले होते आणि मी नाही म्हणून कळवलं होतं. यंदा सोळा सप्टेंबरला रुजू व्हायचंय, होकार वीस ऑगस्टपर्यंत द्यायचाय. मी सत्तेचाळीस वर्षांची झाले रे. अकरा वर्षं मागच्या खोलीत बसून चार डॉक्टरांसाठी मेण तापवतेय, प्लास्टर घोटतेय. तिसऱ्यांदा कोण विचारणार आहे मला?

बाबांना एकटं ठेवून मी जाणार नाही, हे तुला सांगायला नकोच. त्यांनी तुझ्याकडे राहायला यायचं, हा एकच रस्ता आहे. काल धीर करून विचारलं. मला वाटलं नन्नाचा पाढा सुरू होईल, पण ते चक्क हो म्हणाले! मी आनंदाने चहा ठेवायला उठले, तेवढ्यात मागून अट आली. वजनांचा संच बरोबर आला पाहिजे.

तोच तो. खात्याने बाद ठरवलेला, त्यांनी निवृत्तीच्या दिवशी रीतसर अर्ज करून घरी आणलेला. दहाचं एक, पाचाची दोन, दोनाचं एक आणि पितळी बारकी मिळून एक किलो. एकूण तेवीस. मी म्हटलं जास्तीच्या सामानाचे पैसे भरू, त्यात काय मोठंसं. तर म्हणाले, तो दंड झाला. आयुष्यभर दंड केला, भरला कधीच नाही, आणि आता म्हातारपणी सुरुवात करणार नाही. वजनं नाहीत तर आपणही नाही.

तू महिन्यातले वीस दिवस विमानात असतोस. तुझ्याकडे ते सोनेरी कार्ड आहे म्हणे. त्याचा आम्हाला कधी काही उपयोग झालेला नाही, आता करून दाखव. माझं चित्त थाऱ्यावर नाही. परवा एका आजोबांची कवळी अशी केली की वरचे दात खालच्यांना भेटायलाच तयार नाहीत. सगळी परत करावी लागली.

उत्तराची वाट पाहते. तुझ्या बायकोला आशीर्वाद. तिला विचारल्याशिवाय होकार देऊ नकोस, मला तसला होकार नको.

तुझ्यावर जीव लावून बसलेली,
ताई

दि. ५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. धपाटा पोचला. त्याला जादा सामानाचं शुल्क पडलं नाही.

हे पत्र विमानतळावर बसून लिहितोय. औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरणारं एक यंत्र रुसलंय, त्याची समजूत काढायला निघालोय. ताई, पहिली गोष्ट म्हणजे अभिनंदन! होकार आजच पाठव. बायकोला विचारलं. तिने बाबांसाठी खिडकीजवळची खोली रिकामी करायलाही घेतली आणि माझी कामाची खोकी जिन्याखाली गेली. म्हणजे तिची परवानगी आहे, माझीच कोणी घेतली नाही.

आता वजनांचं बोलू. तू अगदी योग्य माणसाकडे आलीस. माझं सोनेरी कार्ड म्हणजे काय चीज आहे ते ऐक. साध्या प्रवाशाला एक पेटी, तेवीस किलोंची. कार्डवाल्याला आणखी एक, तेवढ्याच वजनाची, फुकट. आणि गंमत म्हणजे नुसती त्यालाच नाही, त्याच्या तिकीटनोंदीत जेवढी माणसं असतील तेवढ्या सगळ्यांना. मी माझ्या नोंदीत बाबांचं नाव घालतो, त्यांना कपड्यांची एक पेटी आणि वजनांची एक पेटी मिळते, आणि दंडाचा विषयच मिटतो. पुन्हा माझ्या कंपनीची सात-आठ कंपन्यांशी सोयरीक आहे. त्यांच्याही विमानात कार्ड चालतं. तुमच्या गावाहून पहिलं छोटं विमान अशाच एका सोयऱ्या कंपनीचं आहे, पुढचं मोठं माझ्या कंपनीचं.

मला यायची गरजच नाही. चाकाची खुर्ची मागवतो, कर्मचारी त्यांना एका विमानातून उतरवून दुसऱ्यात बसवतील, इकडे मी दारात उभा असेन. तू काळजी सोड. चौदा वर्षं सामान घेऊन हिंडतोय, हे नियम मला झोपेतही येतात.

एक विचारू का? त्या लोखंडाचं इकडे ते करणार काय? इथे कोण त्यांच्याकडे काटा तपासायला आणणार आहे?

विमानात बसायची हाक आली. थांबतो. हातातल्या पिशवीत मावेल तेवढं प्रेम पाठवतो, बाकीचं मागाहून.

तुझा,
भिंगरी

दि. १० ऑगस्ट

चि. भिंगरी यास,
अनेक आशीर्वाद. विषय: तुझ्या कार्डाबाबत.

तुझे दि. ५ चे पत्र वाचले. तुझ्या विमानकंपनीचे सामानविषयक नियम मी ताईकडून छापून घेतले. पाने बेचाळीस. सर्व वाचली.

पान सतरा पाहावे. नोंदीतील सर्वांना जादा पेटी, ही सवलत फक्त तुझ्या कंपनीच्या विमानात आहे. पान एकोणीस पाहावे. सोयऱ्या कंपनीच्या विमानात जादा पेटी फक्त कार्डधारकास मिळते, आणि तीही तो स्वतः त्या विमानाने प्रवास करीत असेल तर. पान वीस पाहावे. दोन कंपन्यांचा प्रवास असल्यास जिच्या विमानात सामान प्रथम चढते तिचा नियम शेवटपर्यंत लागू होतो. आमचे पहिले विमान सोयऱ्या कंपनीचे आहे, असे तूच लिहितोस.

सबब तुझ्या कार्डावर माझी वजने येऊ शकत नाहीत. नियम वाचल्यावाचून दुसऱ्यास भरवसा देऊ नये.

प्रकृती ठीक. सूनबाईंस आशीर्वाद. तिने खोली रिकामी करण्याची घाई करू नये.

तुझा,
बाबा

दि. ११ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद देते, पण आज दात ओठ खाऊन. वि. वि.

बाबांचं पत्र मिळालं असेलच. त्यांनी स्वतः लिहिलं, म्हणजे मला टंकायला बसवलं आणि प्रत्येक स्वल्पविराम तपासला. चार दिवस लाल पेन्सिल घेऊन बेचाळीस पानांवर बसले होते. इतके खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. पान एकोणीस सापडलं तेव्हा मला मागच्या खोलीतल्या कार्यशाळेतून ओरडून बोलावलं, मी हातातलं गरम मेण टाकून धावले, वाटलं पडले की काय. तर बोटाने ओळ दाखवत होते आणि हसत होते. नंतर पाहिलं तर बाहेर काढलेले सदरे त्यांनी परत कपाटात लावून टाकले होते, एकावर एक, कडा जुळवून.

तुला झोपेत येतात ना रे नियम? मग जरा जागेपणी वाचले असतेस तर काय बिघडलं असतं? वीस तारखेला नऊ दिवस उरलेत. मी त्या पत्राला दोनदा होकार लिहिला, दोनदा नकार लिहिला, चारही कागद ओट्यावर पडलेत. सकाळी स्वयंपाकघरातून कार्यशाळेत जाते, कशाला आले ते विसरते, परत येते. शेजारच्या काकूंनी विचारलं की आज घर मोजायला काढलंय का.

तू विचारलंस त्या वजनांचं काय करणार. दर रविवारी सकाळी ते पेटी उघडतात, एकेक वजन मऊ फडक्याने पुसतात आणि आपापल्या खाचेत ठेवतात. बारकी पितळी चिमट्याने उचलतात. चहाचा कप धरताना त्यांचा हात आता इतका थरथरतो की अर्धा चहा बशीत येतो. पण चिमटा धरला की हात दगडासारखा स्थिर. मला काय ते करणार विचारू नकोस, मला तेवढंच माहीत आहे.

आता स्पष्ट बोलते. कार्डधारक स्वतः विमानात हवा, असं पान एकोणीस म्हणतं. मग कार्डधारकाने यावं. चार वर्षं तू इथे पाऊल ठेवलेलं नाहीस. आई गेल्यावर तेरा दिवस राहिलास आणि मग जगभरची यंत्रं तुझ्याशिवाय अडून बसली. माझ्या घरावरून किती वेळा उडून गेला असशील, देव जाणे. खाली उतरायला काय होतं?

रागावले आहे. राग गेला की माया आहेच, पण आज ती मागू नकोस.

ताई

दि. १४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज खरोखरच साष्टांग समज.

बाबांचं बरोबर आहे. मी विमानतळावरच्या बाईंना पान एकोणीस दाखवलं, त्यांनी त्यांच्या वरिष्ठांना दाखवलं, आणि दोघींनी मला विचारलं की हे शोधून काढणारे गृहस्थ कोणत्या कंपनीत आहेत. मी म्हटलं, निवृत्त आहेत, पण पटत नाही त्यांना. ताई, चौदा वर्षांत मी ते नियम कधी वाचलेच नाहीत. कार्ड दाखवायचं, पुढे जायचं. माझ्याबरोबर नोंदीत दुसरं माणूस कधी नव्हतंच, मग कशाला वाचतोय.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी नेहमीची कारणं लिहिली होती, अमुक कारखाना, तमुक यंत्र. ती खोडली. खरं सांगतो. मला भीती वाटते. मागच्या वेळी निघताना बाबा माझी बॅग उचलायला पुढे झाले. पूर्वी एका हाताने उचलायचे. तेव्हा दोन्ही हात लावूनही ती जमिनीवरून हलली नाही, आणि त्यांनी कुलूप नीट लागलंय का ते पाहिल्यासारखं केलं. मीही न पाहिल्यासारखं केलं. टॅक्सीत बसलो आणि रडलो. तेव्हापासून येण्याचं तिकीट काढायला बसलो की दुसरंच काहीतरी काम निघतं. तू तिथे रोज ते बघतेस आणि मी पळतोय, हे कळतं मला. तू म्हणालीस म्हणून कळलं असं नाही.

येतो. तेरा सप्टेंबरला पोचतो, पंधराला बाबांना घेऊन निघतो. त्याआधी सुटी मिळत नाही आणि त्यानंतर ते छोटं विमान चार दिवस नाही. म्हणजे तुझी बस आणि आमचं विमान एकाच दिवशी. चालेल ना? वजनांची पेटी माझ्या नावावर जाईल, माझी जादा पेटी म्हणून. माझ्या दुसऱ्या पेटीत अवजारं आहेत, ती आधीच काठोकाठ तेवीस भरते, तिच्यात काही घालू नका. बाबांच्या नावावर त्यांचे कपडे. पान एकोणीस, पान वीस, सगळं आज बसून वाचलं.

ओट्यावरचा होकाराचा कागद उचल आणि पाठव. नकाराचे दोन्ही फाड. फाडलेस की मला कळव.

तुझ्या रागासकट तुझा,
भिंगरी

दि. ९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. तुझं ते पत्र मी बाबांना छापून दिलं नाही. वि. वि.

होकार गेला, पोच आली. आता माघार नाही असं सगळ्यांना सांगतेय, मुख्य म्हणजे स्वतःला. मेणाच्या सुऱ्या, दातांच्या रंगांच्या पट्ट्या बांधून झाल्या. डॉक्टरांची उरलेली कामं उरकताना नाकी नऊ आले.

बाबांनी सामान बांधायचं खातं स्वतःकडे घेतलंय. कपड्यांची पेटी तोलायला दाराच्या चौकटीला जुना तराजू टांगला. एका पारड्यात पेटी, दुसऱ्यात वजनं. पेटी बांधायच्या दोरीचं वजनही धरायला नको म्हणून समोरच्या पारड्यात आधी तेवढीच दोरी टाकली. याला ते धडा करणं म्हणतात, हे मला माझ्या बाराखडीआधी येत होतं. तीन वेळा सदरे काढले, घातले, शेवटी मोज्यांची एक जोडी बाहेर राहिली आणि काटा मध्ये थांबला. बरोबर तेवीस. मोजे त्यांनी पायात घातले. मग वजनांचा संच त्यांच्या लाकडी खाचांच्या पेटीसकट नव्या कडक बॅगेत बसवला. ती तोलायची का विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचीच परीक्षा घेतेय. दहा, पाच, पाच, दोन, एक. बेरीज पेन्सिलीने कागदावर करून दाखवली आणि बॅग बंद केली.

सगळं मार्गी लागलंय, तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. त्यांना बाहेर काढून मी सुटतेय, असं वाटतं. काल ते अंगणात उगाच फाटकाची कडी लावत होते, काढत होते. मी विचारलं तर म्हणाले, सैल झालीय. सैल काही झालेली नव्हती. तू मला खुळी म्हण, पण मला वाटतं ते ऐनवेळी मागे फिरतील. आणि फिरले तर मी जाणार नाही. हे तुला आधीच सांगून ठेवते, नंतर मला समजावत बसू नकोस. घराची किल्ली काकूंकडे आहे.

माझी बस नऊला सुटते, तुमचं विमान दीडला. तुम्ही दहाला विमानतळावर असाल. फोनवर तासातासाला खबर द्यायला लागलास तर माझं काळीज बाहेर येईल. म्हणून असं करू. ते मागे फिरले तरच फोन कर. फोन आला नाही तर मी समजेन की सगळं सुरळीत झालं. रक्तदाबाच्या गोळ्या वरच्या खिशात. डाव्या कानाशी बोलू नकोस, उजव्याशी बोल.

तू येतोस हे वाचून राग कधीच गेला. माया मागितलीस तर आहे, नाही मागितलीस तरी आहे.

ताई

दि. १७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू पोचलीस, रुजू झालीस, एवढं तुझ्या दोन ओळींवरून कळलं. आता माझ्याकडची हकीकत सविस्तर, कारण ती फोनवर सांगण्यासारखी नाही.

तुझी बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी बाबा फाटकाशी उभे होते. विमानतळावर पोचलो, रांगेत उभे राहिलो, आमचा नंबर आला. कपड्यांची पेटी पट्ट्यावर ठेवली, तेवीस पूर्णांक शून्य. बाबांनी मान हलवली, काट्याला पास केल्यासारखी. माझी अवजारं, तेवीस. मग वजनांची बॅग. पंचवीस किलो आठशे.

ताई, मी त्यांच्याकडे बघितलं नसतं तर बरं झालं असतं. आधी त्यांनी काउंटरवरच्या बाईंना काटा चुकतोय म्हणून सांगितलं. शेवटचा कधी तपासला, शिक्का कुठे आहे, विचारलं. बिचाऱ्या बाईंनी शिक्का दाखवला, जून महिन्याचा. बाबा वाकून बघत राहिले. मग हळूच बॅगेवर हात ठेवला, आणि माझ्या लक्षात यायच्या आत त्यांच्या लक्षात आलं. रिकाम्या बॅगेचं वजन त्यांनी धरलंच नव्हतं. लाकडी पेटीचंही नाही. आत वजनं तेवीस किलोंची, म्हणजे बॅगही तेवीस किलोंची! ज्या माणसाने डब्यासकट चहा तोलतो म्हणून अर्ध्या बाजाराला दंड केला, दोरीसाठी समोर दोरी टाकली, तो माणूस धडा करायला विसरला होता. आपल्या दोघांपैकी कोणाच्याही ते डोक्यात आलं नाही, कारण बाबांच्या बेरजेवर आपण कधी शंका घेतलीच नाही.

बाई चांगल्या होत्या. पैसे भरा किंवा काहीतरी काढा, म्हणाल्या. दोनाचं वजन आणि पितळी बारकी हातात धरून विमानात जाता येत नाही, ती सुरक्षेवाले सोडत नाहीत. मी म्हटलं माझ्या अवजारांतले दोन पाने आणि हातोडी इथेच टाकतो, ती वजनं त्या पेटीत घालू. बाबांनी माझा हात धरला. इकडचं तिकडे सरकवून चूक झाकायची हे व्यापाऱ्यांचे धंदे, ते आपण करायचे नाहीत, म्हणाले. मी गुपचूप पैसे भरायला पाकीट काढलं तर तेही खिशात ठेवायला लावलं. मग बॅग पट्ट्यावरून खाली घेतली, म्हणजे घ्यायला गेले, हलली नाही. या वेळी मी न पाहिल्यासारखं केलं नाही. मी पण हात लावला आणि दोघांनी मिळून उतरवली.

रांगेच्या बाहेर येऊन ते ढकलगाडीच्या कडेला बसले. म्हणाले, घरी चल. अट ठरली होती, अट मोडली, चल. मागची सगळी रांग आमच्याकडे बघत होती. मी समजावलं, चिडलो, हात जोडले. ते शांतपणे बुटाची नाडी बघत होते. मी हात टेकले, ताई. फोन काढला. तुझं नाव काढून बोट वर धरलं होतं.

तेव्हा त्यांनी विचारलं, ताईची बस किती वाजता सुटली. मी सांगितलं, नऊ. आता किती वाजले? दहा पंचेचाळीस. पुढचा थांबा कधी येतो? मी म्हटलं, ठाऊक नाही, एव्हाना आला असेल. मग म्हणाले की आपण मागे फिरलो तर ती त्या थांब्यावर उतरेल. सांगावंही लागणार नाही, नुसता फोन वाजला तरी उतरेल. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात आपण पडलो नव्हतो, घसरून बसलो होतो, उठता येत होतं. पण ती धावत आली आणि आपण बसूनच राहिलो.

हे मी जसं ऐकलं तसं लिहितोय. माझ्या उजव्या कानाने ऐकलं, डाव्याने ऐकलं, दोन्हींवर विश्वास बसला नाही.

मग उठले, रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, कोणाच्या पुढे घुसले नाहीत. नंबर आल्यावर बाईंना सांगितलं की चूक आमची आहे, दंड लावा. बाई म्हणाल्या, आजोबा, हा दंड नाही, शुल्क आहे. बाबांनी त्यांना दुरुस्त केलं. आपल्या पाकिटातून पैसे दिले, पावती मागितली, दोन्ही बाजूंनी वाचली. फोन खिशात ठेव, मला म्हणाले.

इथे आल्यापासून खिडकीशी बसून असतात. रविवार नव्हता तरी काल पेटी उघडली. बायकोने आत येऊ का विचारलं, त्यांनी तिच्या हातात फडकं दिलं. पावती तुला पाठवायला सांगितलीय, सोबत जोडतो. त्या तीन वर्षांपूर्वीच्या गोष्टीबद्दल त्यांना काय लिहायचं, लिहायचं की नाही, हे तुझं तू ठरव. मला तर अजून सुधरत नाही.

तुझा, आणि आता जरा जमिनीवरचा,
भिंगरी

दि. २२ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीचं पत्र आणि पावती मिळाली, दोन्ही छापून घेतली. उत्तराला पाच दिवस लागले, कारण चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा उठले. या खोल्यांना दोन खिडक्या आहेत, मी एकीपासून दुसरीपर्यंत फेऱ्या घालते. कार्यशाळा मोठी आहे, उजेड भरपूर आहे. एक मुलगी माझ्यापेक्षा चांगलं मेण कोरते, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

न्हाणीघराबद्दल लिहिते. दोन दिवस तुमचा इतका राग आला की पावती फाडायला घेतली होती. तीन वर्षं म्हणजे काय थोडीथोडकी झाली, बाबा? मी तेव्हा तुमच्या पायाला रोज तेल लावत होते आणि पाय बरा होता! तिसऱ्या दिवशी मला आठवलं की डॉक्टरांनी तेव्हाच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हाड शाबूत आहे, सूज नाही, चालू द्या त्यांना. मी ऐकलं होतं. ऐकूनही नकाराचं पत्र मीच टाकलं. तुम्ही बसून राहिलात हे खरं, पण जायची भीती मलाही वाटत होती, आणि तुमचा पाय मला बरा सापडला. तेव्हा सगळं तुमच्या एकट्याच्या माथी मारू नका.

आणखी एक, हे भिंगरीलाही ठाऊक नाही. पावतीवर वेळ छापलीय, अकरा वाजून दोन मिनिटं. आमची बस पहिल्या थांब्यावर पावणेअकराला चहापाण्यासाठी थांबली. मी ठरवलं होतं की फोन आला तरच उतरायचं. फोन आला नाही. तरी मी उतरले, बाबा. कंडक्टरला टपावरून माझी अवजारांची पेटी काढायला लावली, तो बडबडत होता. रस्त्यापलीकडे परतीची बस उभी होती. तिच्यात पेटी चढवली, तिकीटही काढलं, खिडकीशी बसले. मला खात्री होती की तुम्ही मागे फिरलात आणि भिंगरीला फोन करायचं सुचत नाहीये. घरी पोचून तुमच्या आधी चहा टाकू, एवढंच डोक्यात होतं.

ती बस अकरा वाजता सुटायची होती. चालक चहा पीत होता, म्हणून उशीर झाला. मी हातात फोन घेऊन बसले होते. अकरा वाजले, वाजून दोन मिनिटं झाली, तीन झाली. फोन वाजेना. आणि मग मला एकदम कळलं की तो वाजणार नाहीये. तुम्ही जाताय. तुम्ही खरंच जाताय, आणि तिथे माझ्यासाठी चहा टाकायला कोणी लागत नाही. मी पेटी ओढत रस्ता ओलांडला. आमची बस निघाली होती, कंडक्टरने हात देऊन वर घेतलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं बोलला.

लोभ असू द्या म्हणून लिहायची पद्धत आहे, पण तो किती आहे याची पावती आता माझ्या हाती आहे, मागून घ्यायची गरज नाही. प्रकृतीला जपा. मी इथे राहतेय.

तुमची,
ताई